दर शनिवारचा दीड तास

(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचं हे लेखी रूप. बोलण्याची भाषा मुद्दामच फारशी बदललेली नाही.)



 पत्रिकेत माझ्या नावापुढे पंधरा मिनिटं लिहिली आहेत आणि माझ्यानंतर नाट्यगीतं आहेत, तेव्हा घड्याळाकडे माझंही लक्ष आहे.

आजच्या तिकिटांचे आणि देणग्यांचे पैसे कशासाठी, ते पत्रिकेत एका ओळीत छापलंय: पहिली ते चौथीच्या मुलांसाठी दर आठवड्याचा चित्रकला-हस्तकला वर्ग. आपल्या काही मुलांसाठी हा वर्ग शनिवारी चालतोच. आता त्यात निर्वासितांच्या वसाहतीतली आणि आसपासच्या, फी न परवडणाऱ्या घरांतली मुलंही घ्यायची आहेत. मी त्या वर्गात मदत करते म्हणून मला इथे उभं केलंय. पत्रिका हातात पडल्यापासून तीन-चार जणांनी मला एकच प्रश्न विचारला. "अहो, गणपतीत दर वर्षी आपण चित्रकला स्पर्धा घेतोच की, मग आणखी वर्ग कशाला?" प्रश्न रास्त आहे. मी आज जे काही बोलणार आहे, ते बहुतेक त्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

स्पर्धेत काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. वयोगट पाडतो, विषय देतो, एक तास देतो. मुलं बसतात आणि त्यांच्या मागे आई-बाबा उभे राहतात. "अरे, आभाळ राहिलं ना!" असं मागून कुजबुजत सांगणं चालू असतं. आणि विषय काहीही द्या, निम्म्या कागदांवर एकच चित्र उतरतं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा अर्धा सूर्य, टिकमार्कसारखे पक्षी, खाली वळत येणारी नदी, काठावर झोपडी आणि नारळाचं झाड. हे चित्र तुम्ही काढलंय, मी काढलंय, आपल्या आयांनीही काढलंय. पण मंडळी, ही मुलं हॅम्बुर्गची आहेत! आपल्या या गावातलं सगळ्यात उंच ठिकाण म्हणजे दक्षिणेकडचं हासेलब्राक, त्याची उंची ११६ मीटर. सह्याद्री बघितलेला माणूस त्याला टेकाड म्हणायलासुद्धा तयार होणार नाही. नारळ इथे दिसतो तो दुकानात, जाळीच्या पिशवीत. मग त्या सात वर्षांच्या मुलीच्या कागदावर डोंगर आले कुठून? ते आईच्या हातातून आले. आईनं एकदा कौतुकानं काढून दाखवलं, मुलीनं पाठ केलं, आणि शाबासकी मिळाली म्हणून तेच चालू राहिलं. इथल्या जर्मन मुलांचंही वेगळं नाही. त्यांचं ठरलेलं चित्र म्हणजे टोकदार छपराचं घर आणि धुराडं. काढणारा मुलगा मात्र पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत असतो.

यात मुलांचा दोष नाही. एका तासात, बक्षिसासाठी, लोक बघत असताना कोणीही तेच काढेल जे हमखास येतं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं काढायला वेळ लागतो, आणि आधीचं फसलेलं चालतं याची खात्री लागते. वर्गात आम्हांला साधारण पाच-सहा शनिवार जावे लागतात. मग एके दिवशी डोंगर गळून पडतात आणि बंदरातल्या क्रेन येतात. त्यांना जिराफासारखे पाय असतात. एल्बेवरचं जहाज कागदात मावत नाही म्हणून दुसरा कागद जोडून मागितला जातो. एस-बानच्या खिडकीवरून तिरपे ओघळणारे पावसाचे थेंब येतात. ते थेंब काढणाऱ्या मुलानं ते खरोखर पाहिलेले असतात.

गंमत अशी, की हाच वाद आपल्या याच गावात सव्वाशे वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. मुख्य स्टेशनशेजारच्या कुन्स्टहालेवरून आपण सगळे येता-जाता जातो. त्या संग्रहालयाचे पहिले संचालक आल्फ्रेड लिश्टवार्क. १८८६ साली ते या जागेवर आले, त्याआधी ते शाळेत मास्तर होते. संग्रहालय हे विद्वानांसाठीच असतं असं मानण्याच्या त्या काळात त्यांनी शाळकरी मुलांना चित्रांसमोर आणून बसवलं. व्याख्यान दिलं नाही, प्रश्न विचारले. एकच चित्र, पण निवांत बघायचं: हा माणूस कुठे बघतोय, उजेड कुठून येतोय, वारा आहे का. एका शाळेच्या वर्गाबरोबर केलेल्या या प्रयोगांवर त्यांनी १८९७ साली पुस्तकही लिहिलं.

त्या काळी जर्मन शाळांमध्ये चित्रकला म्हणजे बव्हंशी नक्कल असे. छापील नमुना समोर ठेवायचा आणि तो हुबेहूब उतरवायचा. लहान मुलांना तर ठिपक्यांच्या जाळीवर रेघा जोडायला देत. आपल्याला ठिपक्यांची रांगोळी आठवेल, पण रांगोळीत निदान घरची बाई नवीन काही जोडते तरी. याविरुद्ध हॅम्बुर्गचे शिक्षक एकत्र आले. कार्ल ग्योट्झे नावाचे शिक्षक त्यांच्यात पुढे होते. १८९८ साली त्यांनी याच कुन्स्टहालेत मुलांच्या मुक्त चित्रांचं प्रदर्शन भरवलं. नाव होतं 'मूल: एक कलावंत'. ज्या इमारतीत थोर चित्रकारांची चित्रं टांगायची, तिथे शाळकरी पोरांच्या रेघोट्या! पुढे १९०१ साली ड्रेस्डेनला कलाशिक्षणाची मोठी परिषद भरली. म्युनिकमध्ये कांडिन्स्की आणि गाब्रिएले म्युंटर मुलांची चित्रं जमवू लागले, आणि १९१२ च्या त्यांच्या 'ब्लाउअ रायटर' या गटाच्या ग्रंथात मुलांची चित्रं मोठ्यांच्या चित्रांबरोबर छापली गेली. पाउल क्लेनं तर आपल्या कामाची यादी करताना स्वतःची लहानपणची काही चित्रंही त्यात धरली.

जाता जाता सांगते. कुन्स्टहालेत अठरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश फुकट आहे. आपल्यातले किती जण मुलांना घेऊन गेले आहेत, ते हात वर करून विचारत नाही.

मुलानं हातानं काही करत शिकायचं, हा विचार आपल्या मराठी घरात पोचला तोही या देशातूनच, जरा वळसा घेऊन. फ्रीडरिश फ्र्योबेल यांनी १८३७ साली थ्युरिंगियातल्या ब्लांकेनबुर्गला लाकडी चेंडू, घन, दंडगोल, घड्या घालायचा आणि विणायचा कागद अशी साधनं करायला सुरुवात केली. १८४० मध्ये त्यांनी आपल्या संस्थेला किंडरगार्टन हे नाव दिलं. प्रशियाच्या सरकारला त्यातही काही धोका दिसला असावा, कारण १८५१ साली तिथे किंडरगार्टनवर बंदी आली. फ्र्योबेलच्या पुतण्याच्या राजकीय मतांशी त्यांची गल्लत झाली, असं सांगतात. बंदी १८६० मध्ये उठली, पण तोवर फ्र्योबेल वारले होते. त्यांच्या शिष्या मात्र देशोदेशी गेल्या, अमेरिकेतही. तिथे १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला कोण गेलं होतं? पंडिता रमाबाई. त्यांनी तिथली किंडरगार्टन पाहिली, ती पद्धत शिकून घेतली, त्या धर्तीवर मराठी पुस्तकं लिहायला घेतली, आणि १८८९ साली मुंबईत शारदासदन काढलं. पुढे ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचं काम सुरू केलं, आणि तिथून त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. महागडी परदेशी साधनं परवडणार नव्हती, म्हणून बिया, शंख-शिंपले, पानं, माती अशी हाताशी असलेली वस्तू हेच साधन झालं. त्याच डहाणू तालुक्यातले वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे. २००३ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्या बरोबरीनं त्यांची चित्रं लागली. या देशानं आपल्याकडे एक पद्धत पाठवली आणि आपण या देशात एक चित्रकार पाठवला. हिशोब चुकता झाला असं मी तरी धरते.

आता मूळ मुद्द्यावर येते. दर आठवड्याला का?

मातीचं उदाहरण घ्या. पहिल्या शनिवारी माती हातात दिली की मुलं गोळे करतात आणि ते आपटतात. दुसऱ्या शनिवारी साप होतात. तिसऱ्या शनिवारी कोणीतरी वाटी करतं आणि ती घरी जायच्या आत मोडते, रडारड होते. माती किती ओली हवी, जोड कसा खरवडून पाणी लावून बसवायचा, हे सांगून कळत नाही. ते बोटांनाच कळावं लागतं. आणि बोटं विसरभोळी असतात, महिनाभर खंड पडला की पुन्हा साप. गणपतीआधी आपण शाडूच्या मूर्तीची कार्यशाळा घेतो. ती छान असते, पण तीन तासांत मुलाच्या हाती काय लागतं? सोंड मोठ्यांनीच लावलेली असते.

रंगांचंही तसंच. इथे पहिलीच्या सामानाच्या यादीत बारा रंगांची पेटी असतेच, सोबत पांढऱ्या रंगाची एक ट्यूब. जर्मन लोकांनी त्या पेटीचंसुद्धा प्रमाण ठरवून ठेवलंय, डीआयएन ५०२३! आपल्या दांडेकरांची कॅमलची पेटी वापरून मोठी झालेली मी, पहिल्यांदा तो नंबर वाचून खूप हसले होते. पण पेटी उत्तम असली तरी ब्रश धुवायचा कधी आणि पाणी बदलायचं कधी, हे अंगवळणी पडायला शनिवार जावेच लागतात. तोवर सगळी चित्रं चिखलाच्या रंगाची होतात, आणि तसं होऊ द्यावं लागतं. जी आई वर्ग सुटल्यावर "आज काय छान केलं?" असं विचारते आणि तपकिरी कागद बघून हिरमुसते, तिला मी आतल्या खोलीत नेऊन चहा देते.

आणखी एक कारण वयाचं आहे. आठ-नऊ वर्षांपर्यंत मूल बेधडक काढतं. मग एके दिवशी म्हणतं, "मला घोडा येत नाही." ऑस्ट्रियात वाढलेले आणि पुढे अमेरिकेत शिकवणारे व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ सालच्या आपल्या पुस्तकात हा टप्पा मांडला आहे. साधारण नवव्या वर्षापासून मुलाला आपलं चित्र खऱ्यासारखं हवं असतं, तसं जमत नाही हे त्याचं त्यालाच दिसतं, आणि पुष्कळ मुलं तिथेच हात आखडता घेतात. आपल्यापैकी जे म्हणतात ना, "मला चित्रकलेतलं काही येत नाही", त्यांची पेन्सिल बहुधा त्याच वयात खाली पडलेली असते. आपल्याकडे त्यानंतर वाचतात ती एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी मुलं. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती. त्या परीक्षांनी हात बसतो हे खरं, पण ज्यांनी आधीच हात सोडला त्यांचं काय?

आणि नेमकं याच वयात हॅम्बुर्गमध्ये काय असतं, ते इथल्या प्रत्येक आईबापाला माहीत आहे. चौथीनंतर गिम्नाझियुम की श्टाटटाइलशूले! तिसरीपासून घरात गणिताची शिकवणी सुरू होते, आणि सगळ्यात आधी बंद पडतो तो चित्रकलेचा वर्ग. दहा वर्षांच्या मुलाला सगळीकडून जोखलं जात असताना आठवड्यातला असा एक दीड तास, जिथे कोणी गुण देत नाही, तो काढून घेणं मला तरी परवडणारं वाटत नाही.

दुसरी एक शंका मला फार सभ्यपणे विचारली गेली. "आपली मुलं ठीक आहेत, पण वसाहतीतल्या मुलांना आधी भाषा हवी, कपडे हवेत. चित्रकला ही चैन नाही का?"

याला उत्तर म्हणून मी फ्रीडल डिकर-ब्रांडाइस यांच्याविषयी सांगते. जन्म व्हिएन्नाचा, १८९८ सालचा. कुन्स्टहालेत ते प्रदर्शन भरलं त्याच वर्षीचा. योहान्नेस इट्टेन यांच्या त्या विद्यार्थिनी. इट्टेन १९१९ साली वायमारच्या बाउहाउसमध्ये शिकवायला गेले तेव्हा त्याही मागोमाग गेल्या आणि १९२३ पर्यंत तिथे शिकल्या. त्या ज्यू होत्या. डिसेंबर १९४२ मध्ये त्यांना आणि त्यांच्या पतीला टेरेझिनच्या छळछावणीत पाठवण्यात आलं. सोबत मोजकंच सामान नेता येत होतं, आणि त्यांनी त्यात चित्रकलेचं साहित्य भरलं, असं सांगतात. तिथे, उपासमारीत, आजारपणात, एकेका खोलीत दाटीवाटीनं ठेवलेल्या मुलांना त्यांनी चित्रकला शिकवली. कागद मिळेल तो, पाठकोऱ्या कचेरीच्या फॉर्मांपासून सगळा. तासाची सुरुवात इट्टेनकडून शिकलेल्या लयीच्या सरावानं, मग फुलदाणी, मग जुन्या चित्रकारांची चित्रं समोर ठेवून कागदाच्या तुकड्यांची चिकटचित्रं. मुलांनी घरं काढली, फुलपाखरं काढली, जेवणाची टेबलं काढली.

आणि त्यांचा एक आग्रह होता, की चित्रावर आपलं नाव स्वतः लिहायचं. छावणीत माणसाला नंबर होता. ऑक्टोबर १९४४ मध्ये फ्रीडलना आउशविट्झला नेलं आणि तिथे मारलं. जाण्याआधी मुलांची चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून ठेवली होती. सुमारे साडेचार हजार चित्रं. ती १९४५ साली प्रागला पोचली आणि आज तिथल्या ज्यू संग्रहालयात आहेत. काढणारी बहुतेक मुलं वाचली नाहीत. पण त्यातल्या कितीतरी मुलांची नावं आपल्याला माहीत आहेत, ती या चित्रांमुळे.

मी तुलना करत नाही, तशी तुलना होऊच शकत नाही. मी एवढंच म्हणते, की ज्या बाईला मुलांसाठी काय आवश्यक आणि काय चैन हे ठरवायची अशी वेळ आली, तिनं काय ठरवलं ते बघा.

आमच्या वर्गात भाषेचंही काम आपोआप होतं. सीरियातलं, अफगाणिस्तानातलं, युक्रेनमधलं मूल पहिल्या दिवशी गप्प असतं. मातीला जर्मन लागत नाही. पण कात्री एकच असते आणि ती शेजाऱ्याकडे असते! "कात्री दे", "माझा निळा कुठाय", "हे माझं आहे", ही वाक्यं फार लवकर येतात. त्यात "ताई" हा शब्दही सगळ्यांना आला आहे. बऱ्याच मुलांना ते आमच्या शिक्षिकेचं नावच वाटतं.

आता पैशांचं. सरकार काही देत नाही असं नाही. २०११ पासून गरजू मुलांसाठी शिक्षण आणि सहभागाची योजना आहे. त्यात खेळ, संगीत, चित्रकला अशा उपक्रमांसाठी आधी महिन्याला १० युरो मिळत, ऑगस्ट २०१९ पासून १५ युरो. सरकारी मदतीवरची, घरभाडे-भत्ता मिळणारी आणि आश्रय मागणारी कुटुंबं यात बसतात. पण अर्ज करावा लागतो, आणि तो अर्ज आपल्यालासुद्धा दोनदा वाचावा लागतो. जे कुटुंब त्या उत्पन्नाच्या रेषेच्या जरासं वर आहे, त्याला काहीच नाही. आणि १५ युरोंत महिन्याचे चार वर्ग, माती आणि भट्टीची भाजणी बसत नाही.

दिवसभराच्या शाळेचंही ऐकलं असेल. २०२१ च्या कायद्यानं प्राथमिकच्या मुलांना आठवड्याचे पाच दिवस, रोज आठ तासांच्या सोयीचा हक्क दिला, ऑगस्ट २०२६ मध्ये पहिलीपासून सुरुवात आणि २०२९-३० च्या शालेय वर्षात चारही इयत्ता. हॅम्बुर्गमध्ये ही सोय आधीपासून बरीच आहे. पण दुपारच्या त्या वेळात मुलांना काय मिळतं, हे शाळेशाळेवर असतं. आम्ही शनिवार धरून आहोत तो म्हणून.

तुमचे पैसे जातील ते हॉलच्या भाड्याला, कागद-माती-रंगांना, भट्टीला, आणि शिक्षिकेच्या मानधनाला. मानधनाबद्दल स्पष्ट बोलते. तबलजीला आपण पाकीट देतो, केटररला देतो. चित्रकला शिकवणारी मात्र "आपल्यातलीच आहे, करेल की हौसेनं" असं आपण धरून चालतो. हौसेवर एक स्पर्धा निघते. दर शनिवारी, हिवाळ्यातसुद्धा, तेच माणूस दारात उभं राहायला हवं असेल तर त्याला पैसे द्यावे लागतात. ज्या मुलांची घरं, शाळा, देश बदलत आलेत, त्यांच्यासाठी दार उघडणारं माणूस तेच असणं ही बारीकसारीक गोष्ट नाही.

स्पर्धा बंद करा असं मी म्हणत नाही. कार्यकारिणीसमोर माझी सूचना अशी आहे, की या वर्षी गणपतीत बक्षिसांऐवजी प्रदर्शन भरवू. वर्गातल्या प्रत्येक मुलाचं एक काम, त्यानं स्वतः निवडलेलं, आणि खाली त्याच्याच हातानं, त्याला येणाऱ्या लिपीत लिहिलेलं नाव. आई-बाबांनी आभाळ भरून द्यायचं नाही.

देणगीचे फॉर्म दाराजवळच्या टेबलावर आहेत, महिन्याला थोडी रक्कम देण्याचा पर्यायही त्यात आहे. ज्यांना पैसे देणं जमणार नाही त्यांनी जुनी वर्तमानपत्रं, अंड्यांचे पुठ्ठे आणि जॅमच्या रिकाम्या बाटल्या आणून द्याव्यात. फक्त त्या धुऊन आणा, आणि फांडच्या बाटल्या नकोत, त्या दुकानात परत करून पैसे डब्यात टाका. जानेवारीत पुण्याला जाणारं कोणी असेल तर मला मध्यंतरात भेटा. दोन किलो शाडूची माती बॅगेत मावते, आणि कस्टमवाल्यांना काय सांगायचं ते मी शिकवून ठेवीन.